पनवेल ते बांदा: टाकीत काय जातं ते बघत पाच दिवस

पहिला दिवस: पनवेल ते खेड

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पहाटे पाचला पनवेल सोडलं तेव्हाच शर्ट पाठीला चिकटले होते. गाडी डिझेल पिकअप. मागे ताडपत्रीखाली पावसाळ्याआधी दुकानांना पोचवायचा माल: रिफ्लेक्टर टेपचे रोल, टाकीची कुलूपवाली झाकणं, फ्यूज, रिले, वायपर, पिवळे फॉगलॅम्प. दर मुक्कामाला दोन-तीन दुकानं आणि वाटेतले पंप, एवढाच कार्यक्रम.

पेण, वडखळ, नागोठणे झटपट मागे पडलं. कोलाडला कोकण रेल्वेच्या रो-रोसाठी ट्रक रांगेत उभे होते. 1999 पासून ही सोय आहे. ट्रक वाघिणीवर चढतो आणि ड्रायव्हर त्याच केबिनमध्ये पाय पसरून गोव्याकडे निघतो.

पहिला प्रसंग माणगावच्या पुढे एका पंपावर दिसला. हवेच्या मशीनजवळ एक छोटा हत्ती (टाटा एस टेंपो), त्याच्यापाशी हात बांधून उभा पोरगेला ड्रायव्हर आणि त्याहून गप्प झालेला पंपावरचा मुलगा. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, "हजाराचं टाक." काय टाक, ते म्हणाला नव्हता. त्याच मालकाची तशीच दुसरी गाडी पेट्रोलची, ती रोज याच पंपावर येते. चेहरा तोच, रंग तोच. मुलाने सवयीने पेट्रोलचं नॉझल उचललं.

एकाच बांध्याची गाडी पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी अशा तीन रूपांत विकली जाते, तिथे गाडी बघून इंधन ओळखणं हा जुगार आहे. त्यात मापही फसवतं. पेट्रोलचं नॉझल साधारण 21 मिलिमीटर जाडीचं, डिझेलचं 24-25 च्या आसपास. जाड नॉझल पेट्रोल कारच्या अरुंद तोंडात अडतं, बारीक नॉझल मात्र डिझेलच्या तोंडात आरामात उतरतं. म्हणून डिझेलच्या गाडीत पेट्रोल हीच चूक जास्त होते, आणि महागात पडणारी चूकही तीच.

त्या पोराने एक गोष्ट मात्र लाखाची केली. चावी फिरवली नाही. आजकालच्या गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं की टाकीतला इलेक्ट्रिक पंप तेल पुढे ढकलतो, इंजिन सुरू व्हायचीही वाट बघत नाही. डिझेल हे इंधन तसं वंगणही आहे. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या) हाय प्रेशर पंपाचे भाग त्याच्यावरच सरकतात, आणि तिथे दाब 1,600 बार आणि त्याहून वर जातो. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं, धातू धातूवर घासतो, त्याचा बारीक कीस रेलमधून नॉझलमध्ये जातो (गॅरेजवाले इंजेक्टरला नॉझलच म्हणतात). मग पंप, रेल, नॉझल, पाइप असा सगळा संच बदलावा लागतो. "थोडं मिसळलं तर चालतं, वरून डिझेल भर" हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. बीएस-6 म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाडीत दोन लिटर गेलं तरी टाकी रिकामी करायचीच.

महाडहून मिस्त्री यायला दीड तास लागला. तोवर गाडी न्यूट्रलला घालून, ढकलून, नॉझलांपासून लांब सावलीत नेली. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असती तर गिअर लिव्हरजवळचं शिफ्ट लॉक सोडवण्याचं छोटं बटण शोधावं लागलं असतं. ते चावीच्या टोकाने दाबलं जातं. मिस्त्रीने आल्या आल्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पोराने पुढे केलेली प्लॅस्टिकची बादली त्याने पायाने बाजूला सारली, कारण पेट्रोल प्लॅस्टिकमध्ये पडताना स्थिर वीज साठते. पत्र्याचा पिंप, त्याला आणि चॅसिसला जोडणारी एक वायर, मग टाकीचा खालचा बोल्ट. पिंप भरला, झाकण लागलं. टाकीत पाच लिटर ताजं डिझेल घालून तेही काढून टाकलं. फिल्टर नवा. पुन्हा डिझेल, आणि सेल्फ न मारता चावी फक्त ऑनवर दहा-दहा सेकंद, चार वेळा. पाचव्या वेळी सेल्फ मारला, गाडी दोनदा अडखळली आणि लागली.

उलटी चूक, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल, एवढी जिवावर येत नाही. प्लग काळे होतात, पांढरा धूर येतो, गाडी गचके खाते. काम मात्र तेच: चावी नाही, टाकी रिकामी, फिल्टर, प्लग साफ.

पंपावर तोंडून आधी इंधन निघावं, मग रक्कम. "डिझेल. हजाराचं." मग खाली उतरून मशीनवरचा लिटरचा भाव बघायचा. झिरो तर सगळेच बघतात, भावाकडे कोणी बघत नाही. खरं तर चुकीचं नॉझल उचललं असेल तर ते सगळ्यात आधी तिथेच कळतं. एमएस म्हणजे पेट्रोल, एचएसडी म्हणजे डिझेल. 'स्पीड' नावाने मिळतं ते भारीतलं पेट्रोल आणि एचएसडीचं पूर्ण नाव 'हाय स्पीड डिझेल', त्यामुळे नुसतं "स्पीड टाक" म्हणणाऱ्याने स्वतःच खड्डा खणलेला असतो.

कशेडीचा जुना घाट आता बोगद्याने टळतो. संध्याकाळी खेडात कोंबडी-वडे, आणि रात्री दहालाही पंख्याखाली घाम.

दुसरा दिवस: खेड, हर्णे, दाभोळ, गुहागर

सकाळी खेडच्या दुकानात झाकणांचा व्यवहार झाला. डिझेलचोरीला घाबरून सगळ्यांना कुलूप हवं असतं, आणि बहुतेकजण स्वस्तातलं घेतात. चांगल्या झाकणात हवा आत घेणारा बारीक व्हॉल्व्ह असतो. तेल खपलं की तेवढी जागा हवेने भरायला हवी. व्हॉल्व्ह नसेल किंवा मातीने बुजला असेल तर टाकीत निर्वात पोकळी होते, पन्नास-साठ किलोमीटरनंतर गाडी ओढेनाशी होते, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा बरी. गॅरेजमध्ये फिल्टर बदलतात, फीड पंप बदलतात, दोष सापडत नाही. गाडी रुसली की आधी झाकण उघडून बघावं. 'सुस्स' करून हवा आत गेली तर रोग झाकणात आहे. झाकणाची रबरी रिंगही बोटाने दाबून बघावी. कडक झालेली रिंग पावसात पाणी आत सोडते.

चुकीचं इंधन अडवणारी झाकणंही आता बाजारात आहेत. तोंडात स्प्रिंगच्या दोन कळा असतात. जाड नॉझल दोन्ही एकदम दाबतं तेव्हाच झडप उघडते, बारीक नॉझल एकच कळ दाबतं आणि अडकतं. कल्पना छान आहे, पण आपल्याकडे प्रत्येक पंपावर डिझेलचं नॉझल जाडच असेल याची खात्री धरता येत नाही. घेण्याआधी आपल्या नेहमीच्या दोन-तीन पंपांवर झडप उघडते का, ते बघून घ्यावं. ट्रकच्या टाकीचं तोंड तळहाताएवढं, तिथे हा प्रकार उपयोगाचाच नाही. तिथे रंगाचा डबा आणि ब्रश. झाकणावर आणि टाकीवर, दोन्हीकडे 'डिझेल' लिहायचं, कारण झाकण काढून बाजूला ठेवलं की त्यावरची अक्षरंही बाजूला जातात.

दापोलीवरून हर्ण्याला उतरलो तेव्हा लिलाव रंगात होता. सुवर्णदुर्गाच्या अंगाला होड्या, वाळूवर बैलगाड्या, सुरमई-पापलेटचे वाटे, आणि मासळी न्यायला आलेले टेंपो. जून-जुलैची मासेमारी बंदी तोंडावर आलेली, त्यामुळे सगळे घाईत. इथे बोलीत डिझेलला 'तेल'च म्हणतात. रॉकेललाही तेल. आणि छोट्या होडीच्या बाहेरच्या मशीनला लागणाऱ्या, टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेल्या पेट्रोललाही काहीजण तेलच म्हणतात. सगळे कॅन निळे, सगळे सारखे.

एका वयस्क खलाशाने यावर केलेला उपाय दुकानात विकता येणार नाही एवढा सोपा होता. डिझेलच्या कॅनच्या मुठीला सुंभाची एक गाठ, पेट्रोलच्या कॅनला दोन. "काळोखात रंग खंय दिसता?" तो म्हणाला. "हाताक गाठ लागता." अंधारात गाडी भरणाऱ्या पिकअपवाल्यांनीही हे उचलावं.

बंदीत दोन महिने उभ्या राहणाऱ्या होडीची किंवा ट्रकची डिझेल टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री थंड पत्र्यावर पाणी सोडते, ते तळाशी जातं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा चिकट काळा थर धरतो. टाकी काठोकाठच्या जरा खाली भरून ठेवावी.

कोळथरे मार्गे दाभोळ. फेरीबोटीवर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन बंद. खाडीचा वारा लागला आणि दिवसभराचा उकाडा पहिल्यांदा उतरला. धोपाव्याच्या चढावर पुढचा टेंपो बंद पडला, कारण टाकीत तेल तळाला आणि नाक वर. टाकीतून तेल ओढणारा सक्शनचा पाइप उघडा पडला, एअर पकडली. जुन्या इंजिनाची एअर काढायला फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेसाळ डिझेल जाऊन सलग धार आली की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळायचा. कॉमन रेल गाडीतही हातपंप फिल्टरपर्यंतच. रेलच्या स्टीलच्या पाइपाचा नट कधीही सैल करू नये. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जातो.

गुहागरला रात्री उशिरा जेवण मिळालं. भात, कुळथाचं पिठलं, सोबत सांडगी मिरची.

तिसरा दिवस: तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी

तवसाळची पहिली फेरी मिळाली. पलीकडे जयगड, बंदराकडे जाणारे मोठे ट्रक, आणि ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीवर दिवसभराचा विषय मिळाला: यूरिया.

बीएस-6 ट्रकला दोन टाक्या. मोठी डिझेलची, लहान डीईएफची, तिचं झाकण निळं. डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे 32.5 टक्के यूरिया आणि बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी. ते इंजिनात जळत नाही, धुराच्या वाटेवर फवारलं जातं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडतं. डिझेलच्या तीन ते पाच टक्के लागतं, म्हणजे 20 लिटरची बादली साधारण 400 ते 650 लिटर डिझेलला पुरते.

परदेशात डीईएफच्या नॉझलला चुंबकाची युक्ती असते. टाकीच्या गळ्यात चुंबकाची रिंग असते, ती जवळ आल्याशिवाय नॉझल उघडत नाही, त्यामुळे डिझेलच्या टाकीत ते चालतच नाही. आपल्याकडे बहुतेक व्यवहार बादली आणि नरसाळ्याचा, आणि नरसाळ्याला अक्कल नसते.

टपरीवरच्या क्लीनरने सांगितलेली घटना अशी: रात्री दोनचा सुमार, मोबाइलच्या उजेडात अर्धी बादली डीईएफ डिझेलच्या टाकीत. डीईएफ डिझेलपेक्षा जड, लिटरला सुमारे 1.09 किलो, डिझेल 0.82-0.84. ते तळाशी जाऊन बसतं, आणि सक्शनही तळाजवळच. म्हणजे किल्ली फिरवली की पहिला घोट यूरियाचाच. पाणी वाळतं तिथे पांढरे खडे धरतात, पंपाचे आणि नॉझलचे भाग गंजतात. मग टाकी उतरवून धुणं आलं. उलट, डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं तर अगदी थोडंही पुरतं. ते यूरियावर तरंगतं, डीईएफ फवारणाऱ्या यंत्रणेच्या रबरी भागांना फुगवतं आणि पुढे एससीआरच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाच्या जाळीवर चढतं. दोन्ही वेळा नियम माणगावचाच: चावी नाही.

यूरियाचं नरसाळं फक्त यूरियाचं. डिझेलचं पुसून वापरलेलं चालत नाही. पितळी, तांब्याचं किंवा जस्त चढवलेलंही नको, धातूचा अंश विरघळून आत जातो. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील. नळाचं पाणी घालून वाढवलेलं डीईएफ तर विषच, कारण पाण्यातले क्षार जाळीत कायमचे बसतात. आणि कोकणातल्या उन्हात बादली केबिनच्या टपावर ठेवू नये. 25 अंशांत दीड वर्ष टिकणारा माल सतत 35 अंशांत सहा महिन्यांवर येतो. खरेदी करताना बादलीवरची तारीख आणि आयएसओ 22241 हा आकडा बघावा.

दोन टाक्या अंधारातही ओळखू याव्यात म्हणून टपरीवरच तीन गाड्यांना टेप लावून झाली. डिझेलच्या गळ्याभोवती पिवळी, डीईएफच्या गळ्याभोवती निळी. खाऱ्या हवेत टेप टिकायची तर पत्रा आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि कडा चिंधीने दाबून बसवायच्या. बॉडीच्या रिफ्लेक्टर टेपचा क्रम वेगळा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागच्या बाजूला पांढरी लावणारा ड्रायव्हर रात्री मागच्याला सांगतो की गाडी समोरून येतेय.

गणपतीपुळ्याला दुपारी उकडीचे मोदक, त्यावर तुपाची धार. वाहनतळावर भाड्याच्या गाड्यांची गर्दी. भाड्याची गाडी घेणाऱ्याला तिचं इंधन माहीत नसतं आणि विचारायला लाजही वाटते. त्याने समोरच्या काचेवरचा होलोग्राम स्टिकर बघावा. एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना तो नंबरप्लेटसोबतच येतो. नारिंगी म्हणजे डिझेल, फिकट निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी. वरची हिरवी पट्टी बीएस-6 ची. टाकी कुठल्या बाजूला, ते इंधनाच्या काट्याजवळच्या छोट्या बाणावरून कळतं. नॉझलच्या रबराच्या रंगावर मात्र विसंबू नये, तो सगळीकडे सारखा नसतो. सीएनजी गाडीचा सिलिंडर दर तीन वर्षांनी तपासावा लागतो. तारीख उलटली असेल तर पंपवाला गॅस देत नाही आणि त्याचं बरोबरच असतं.

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या इलेक्ट्रिशियनकडे फॉगलॅम्प पोचवले. त्याच्या दारात एक ट्रक, तक्रार अशी की एक बॅटरी सारखी मरते, दुसरी ठणठणीत. कारण वर्षानुवर्षांचं: ट्रक 24 व्होल्टचा, गाण्यांचा टेप 12 व्होल्टचा, आणि कोणीतरी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढलेली. ती बॅटरी अर्धवट रिकामी, दुसरी ओव्हरचार्ज, आणि शेवटी दोन्ही भंगारात. 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर लावला की प्रश्न मिटतो. 12 व्होल्टच्या पिकअपला 55 वॉटचे दोन फॉगलॅम्प लावायचे तर 110 भागिले 12, नऊ अँपिअरच्या वर करंट. त्याला रिले हवाच, आणि 15 चा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली वायर घासून पेटली तरी फ्यूजला पत्ता नसतो. टर्मिनलला पेट्रोलियम जेली. मासळीच्या गाड्यांना तर दर आठवड्याला, कारण बर्फाचं खारं पाणी चॅसिसवर गळत असतं. त्या गाड्यांना खाली टाकी बसवून पाणी साठवायला हवं. रस्त्यावर सांडलेल्या त्या पाण्याने मागचा मोटारसायकलवाला घसरतो.

चौथा दिवस: रत्नागिरी ते देवगड

पावस, पूर्णगड, जैतापूर. रस्ता सुंदर, लिहिण्यासारखं थोडं. हापूसचा हंगाम सरत आलेला, बागांमध्ये रिकाम्या पेट्यांचे ढीग. दुपारी विजयदुर्गाच्या अलीकडे मळभ आलं आणि वळवाची सर अशी कोसळली की वायपर असून नसल्यासारखे. रबर उन्हात कडक झालं की पाणी पुसण्याऐवजी पसरवतं. जूनच्या आधी ते बदललेलं बरं.

सर ओसरल्यावर एका पंपावर मोटारसायकलवाल्यांची कुरकुर चालली होती: पेट्रोल भरलं आणि गाडी बंद. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाण्याला ओढून घेतं. पाणी थोडं असेल तर मिसळून जळून जातं. एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि कार्ब्युरेटरला तेच मिळतं. पाणी पंपाच्या टाकीतलंच असेल असं नाही, पावसात उघड्यावर ठेवलेल्या मोटारसायकलच्या झाकणातूनही ते शिरतं.

शंका आली तर भांडण्याआधी मागण्यासारख्या गोष्टी पंपावर असतात. फिल्टर पेपर: नॉझलचं टोक पुसून एक थेंब टाकायचा, दोन मिनिटांत डाग न राहता उडाला तर भेसळीचा संशय कमी. पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप. आणि घनता, जी रोज फलकावर लिहिलेली असते. जारमध्ये हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवून आलेला आकडा तक्त्यावरून 15 अंशांना आणायचा आणि फलकाशी ताडायचा. तीनपेक्षा जास्त एककांचा फरक असेल तर मॅनेजरला बोलवावं. त्या पंपाच्या मॅनेजरने न मागता जार आणला, हेही सांगायला हवं.

डिझेलवाल्यांनी पावसाळ्यात फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू दर आठवड्याला सैल करावा. काचेच्या ग्लासात अर्धा कप घेतलं की पाणी तळाशी मण्यांसारखं दिसतं. डॅशबोर्डवरचा थेंबाचा दिवा लागला तर आठवडा थांबू नये.

देवगडला रात्री पवनचक्क्यांचा आवाज आणि बांगड्याचं तिखलं.

पाचवा दिवस: मालवण, कुडाळ, सावंतवाडी, बांदा

सकाळी आचरा मार्गे मालवण. घावणे, नारळाचा रस, आणि समोर सिंधुदुर्ग. दोन दुकानं उरकली. एका तरुण दुकानदाराने कर्कश हॉर्न आणि पुढच्या लोखंडी गार्डची चौकशी केली. अनेक सुरांचे हॉर्न आणि बुलबार दोन्ही बेकायदा आहेत. गार्डचा आणखी एक तोटा असा की धडकेचा धक्का तो थेट चॅसिसला पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकतं. त्याने त्याऐवजी स्टेपनीचं कुलूप आणि चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे घेतले. घाटातल्या ड्रायव्हरला ठोकळाच लागतो.

सावंतवाडीत दुपारी पाऊस नव्हता, पण हवा ओल्या फडक्यासारखी. ज्या गावात लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांची आळी आहे तिथे अक्षरं लिहून घ्यायला माणूस शोधावा लागत नाही. एका पेंटरने झाकण मांडीवर घेतलं, आधी पॉलिशपेपर मारला, मग पिवळ्यावर काळ्याने 'डिझेल' काढलं. म्हणाला, लाल नको, गंजात लपतं.

बांद्याला शेवटचा थांबा. पुढे पत्रादेवीला गोवा लागतो, आणि तिथे पेट्रोल स्वस्त म्हणून बरेचजण काटा तांबड्यावर ठेवून येतात. चार पैसे वाचतात खरे. पण टाकीतला इलेक्ट्रिक पंप आजूबाजूच्या इंधनानेच थंड राहतो, तळाला गेलेल्या टाकीत तो तापतो आणि तळाचा गाळही ओढतो. पाव टाकीच्या खाली न जाणं स्वस्त पडतं.

पंपावर पन्नाशीचा माणूस होता. गाडी थांबली, त्याने नॉझलला हात लावला नाही.

"खंयचा तेल घालूचा?"

ड्रायव्हरने नव्या झाकणाकडे बोट केलं. लिवलेला असा ना.

"लिवलेला दिसता," तो म्हणाला. "तुमी बोला."

"डिझेल. दोन हजाराचं."

"डिझेल, दोन हजार," त्याने परत म्हटलं, आणि मग नॉझल उचललं.